नकाशावरची सही आणि बांधकामावरची नजर

प्रतिनिधी

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. घर बांधायला घेतलेल्या माणसाला तिचा अर्थ पहिल्या महिन्यातच कळतो. सिमेंटच्या गोण्यांपासून खिडक्यांच्या ग्रिलपर्यंत प्रत्येक गोष्टीसाठी तो दहा ठिकाणी चौकशी करतो, भाव करतो, फरशीचा रंग ठरवण्यासाठी सारे कुटुंब दुकानात नेतो. मात्र ज्या माणसाच्या ज्ञानावर ते घर पुढची पन्नास वर्षे उभे राहणार, त्याची निवड करताना बहुतेकदा एकच प्रश्न विचारला जातो, ‘नकाशा पास करून द्यायचे किती घेणार?’

याच प्रश्नातून आपल्याकडे ‘सहीपुरता’ वास्तुविशारद आणि ‘सहीपुरता’ अभियंता ही पद्धत रूढ झाली आहे. नकाशावर परवानाधारकाची सही घ्यायची, महापालिकेची किंवा नगरपालिकेची परवानगी मिळवायची आणि नंतरचे सारे काम ठेकेदाराच्या व मुख्य गवंड्याच्या अनुभवावर सोपवायचे. कागदोपत्री सारे नियमानुसार असते; प्रत्यक्षात बांधकामावर कोणाचीच तांत्रिक नजर नसते. परवानाधारक तज्ज्ञ नेमण्याचे महत्त्व समजून घेताना म्हणूनच सही आणि देखरेख यांतील फरक आधी लक्षात घ्यायला हवा.

कोणाचे काम कोणते?

सर्वसामान्य माणसाच्या मनात येथेच पहिला गोंधळ असतो. वास्तुविशारद म्हणजे आर्किटेक्ट. जागेचा आकार, दिशा, वारा, उजेड, कुटुंबाच्या गरजा आणि बांधकामाचे नियम यांचा मेळ घालून तो इमारतीचा आराखडा करतो. सामासिक अंतरे किती सोडायची, चटई क्षेत्र निर्देशांकानुसार किती बांधकाम करता येईल, जिना व स्वच्छतागृहे कोठे असावीत, हे त्याचे क्षेत्र.

संरचना अभियंता, ज्याला बांधकामावर ‘आरसीसी कन्सल्टंट’ किंवा ‘स्ट्रक्चरल इंजिनीअर’ म्हणतात, तो इमारतीच्या सांगाड्याचा विचार करतो. पाया किती खोल, खांब किती जाड, तुळईत किती सळया व कोणत्या व्यासाच्या, रिंगांमधील अंतर किती, याचे गणित तो मांडतो. स्थापत्य अभियंता किंवा परवानाधारक पर्यवेक्षक काम आराखड्याप्रमाणे होते की नाही, हे जागेवर पाहतो. लहान घरात यांपैकी दोन भूमिका एकच व्यक्ती पार पाडू शकते. पण भूमिका मात्र वेगवेगळ्याच राहतात. खोल्यांची उत्तम मांडणी करणारा माणूस पायाचे गणित करेलच, असे गृहीत धरता येत नाही.

आणखी एक गोंधळ शब्दांमुळे होतो. ‘वास्तुतज्ज्ञ’ किंवा ‘वास्तुसल्लागार’ अशी पाटी लावणारे अनेक जण वास्तुशास्त्रानुसार दिशांचा सल्ला देतात. त्यावर कोणाचा विश्वास असावा किंवा नसावा, हा वेगळा प्रश्न. परंतु ही व्यक्ती म्हणजे वास्तुविशारद नव्हे. अंतर्गत सजावट करणारा डिझायनर किंवा नकाशे काढून देणारा आरेखक यांनाही तो दर्जा आपोआप मिळत नाही. कोणता खांब हलवता येईल आणि कोणता नाही, हा निर्णय त्यांच्यावर सोपवणे धोक्याचे ठरते.

कायदा काय सांगतो?

वास्तुविशारदांसाठी देशात ‘आर्किटेक्ट्स ॲक्ट, १९७२’ हा कायदा आहे. त्यानुसार स्थापन झालेली ‘काउन्सिल ऑफ आर्किटेक्चर’ ही परिषद मान्यताप्राप्त शिक्षण घेतलेल्यांची नोंदणी करते. प्रत्येकाला नोंदणी क्रमांक मिळतो व त्याची सुरुवात ‘सीए’ या अक्षरांनी आणि नोंदणीच्या वर्षाने होते. नोंदणी नसलेल्या व्यक्तीला ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी लावता येत नाही. व्यावसायिक वर्तनासाठी परिषदेची १९८९ ची नियमावली आहे आणि तिचा भंग झाल्यास ग्राहकाला परिषदेकडे तक्रार करता येते.

येथे एक बारकावा प्रत्येक घरमालकाला ठाऊक असायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये दिलेल्या निकालात, या कायद्यातील कलम ३७ हे ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी वापरण्यास प्रतिबंध करते, मात्र वास्तुरचनेचे काम करण्यासच मज्जाव करत नाही, असे स्पष्ट केले. म्हणजे वेगळ्या नावाची पाटी लावून घरांचे आराखडे करणारी व्यक्ती केवळ तेवढ्याने या कलमाच्या कक्षेत येत नाही. समोरच्या माणसाची पात्रता तपासण्याची जबाबदारी त्यामुळे ग्राहकावरच अधिक येते.

अभियंत्यांसाठी असा देशव्यापी नोंदणीचा कायदा नाही. पदवी किंवा पदविका आणि अनुभव पाहून स्थानिक नियोजन प्राधिकरणे अभियंता, संरचना अभियंता व पर्यवेक्षक यांना परवाने देतात. महाराष्ट्रात मुंबईसाठी ‘विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४’ लागू आहे, तर राज्याच्या बहुतांश उर्वरित भागासाठी डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत नियमावली अमलात आली. कोणत्या वर्गाच्या परवानाधारकाने केवढ्या भूखंडावरील आणि किती मजल्यांच्या इमारतीचे काम करावे, याच्या मर्यादा अशा नियमांत ठरवून दिलेल्या असतात. दोन मजली घरापुरता परवाना असलेल्याकडून पाच मजली इमारतीचे काम करून घेणे म्हणजे परवाना नसल्यासारखेच आहे.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार बांधकामाला परवानगी आवश्यक आहे. त्या प्रवासातील बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, जोते तपासणी आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र या टप्प्यांवर परवानाधारक तज्ज्ञाची भूमिका असते. काम मध्येच सोडल्यास तसे प्राधिकरणाला कळवणे हेही त्याचे कर्तव्य मानले जाते.

कोसळलेल्या घरांचे धडे

तज्ज्ञाची गरज पटवून देणारे दाखले दुर्दैवाने आपल्या राज्यातच विपुल आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे दगावली. जाड दगडी भिंती, त्यांत मातीचा गारा आणि डोक्यावर जड माळवद, अशी ती घरे होती. भिंतीच्या दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारे आरपार दगड नसल्याने भिंती फुटल्या आणि माळवद खाली आले. पिढ्यान्‌पिढ्यांचा गवंडी अनुभव तेथे होता. भूकंपाचे गणित मात्र नव्हते.

२६ जानेवारी २००१ रोजी भूज परिसरात भूकंप झाला तेव्हा दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादमध्येही बहुमजली इमारती कोसळल्या. ही शहरी, काँक्रिटची, तुलनेने नवी घरे होती. त्यांपैकी अनेक इमारतींच्या तळमजल्यावर वाहनतळासाठी केवळ खांब होते, भिंती नव्हत्या. वरचे मजले भिंतींमुळे ताठ आणि खालचा मजला लवचिक. साहजिकच हादऱ्याचा सारा ताण त्या खांबांवर आला. आज आपल्या शहरांतील बहुतेक इमारतींना असाच मोकळा तळमजला असतो. त्यात धोका आहेच. पण संरचना अभियंत्याने खांबांची ताकद त्या हिशेबाने वाढवली किंवा काँक्रिटच्या भिंती दिल्या, तर तो धोका कमी करता येतो. हा निर्णय नकाशावर दिसत नाही, तो सळयांच्या तपशिलात असतो.

४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळ शिळफाटा येथे काही महिन्यांत उभारलेली अनधिकृत इमारत कोसळून ७४ जणांचा बळी गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये विरार येथे अनधिकृत इमारतीचा भाग कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले. परवानगीच नसलेल्या इमारतीत तज्ज्ञांच्या तपासणीचा दुवाही नसतो.

मात्र या यादीतील सर्वांत अस्वस्थ करणारे उदाहरण महाडचे आहे. २४ ऑगस्ट २०२० रोजी तेथील पाच मजली इमारत कोसळली आणि १६ जणांचा मृत्यू झाला. इमारत दहा वर्षांचीही नव्हती. पोलिसांनी दाखल केलेल्या गुन्ह्यात बांधकाम व्यावसायिक आणि नगरपालिकेतील अधिकाऱ्यांबरोबरच वास्तुविशारद आणि आरसीसी सल्लागार यांचाही समावेश होता. म्हणजे कागदावर तज्ज्ञांची नावे होती. केवळ नाव असल्याने इमारत उभी राहत नाही, हे महाडने दाखवून दिले.

डोळ्यांना न दिसणारे काम

देखरेख म्हणजे नेमके काय, हे समजले तर तिची किंमत समजते. घराचा सर्वांत महत्त्वाचा भाग जमिनीखाली आणि काँक्रिटच्या आत असतो. एकदा खड्डा बुजवला किंवा स्लॅब भरला की तो पुन्हा पाहता येत नाही.

सुरुवात जमिनीपासून करू. विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राच्या काही भागांत काळी कापसाची माती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. अशा मातीवर उथळ पाया घेतल्यास दोन-तीन वर्षांत भिंतींना तिरके तडे जातात, दारे चौकटीत अडकू लागतात. मुरूम किंवा खडक किती खोलीवर आहे, पाया तेथवर न्यायचा की दुसरी पद्धत वापरायची, हे माती तपासल्याशिवाय सांगता येत नाही. शेजारच्याने पाच फुटांवर पाया घेतला म्हणून आपणही तेवढाच घ्यावा, हा हिशेब एकाच गल्लीतही चुकू शकतो.

त्यानंतर सळया. खांबाच्या उभ्या सळयांना बांधून ठेवणाऱ्या रिंगांची टोके १३५ अंशांत आत वळवलेली असावीत, असे भूकंपरोधक बांधकामाचे भारतीय मानक आयएस १३९२० सांगते. बांधकामावर ती बहुतेकदा काटकोनात वाकवून सोडली जातात, कारण ते सोपे असते. हादरा बसला की अशा रिंगा उघडतात आणि खांब फुटतो. सळई आणि साचा यांत ठेवायचे अंतर, म्हणजे ‘कव्हर’, हेही तितकेच महत्त्वाचे. आयएस ४५६ नुसार खांबासाठी ते साधारण ४० मिलिमीटर, तर पायासाठी ५० मिलिमीटर असावे लागते. कव्हर ब्लॉकऐवजी खडीचा तुकडा सरकवला की सळई साच्याला टेकते. मुंबई आणि कोकणच्या खाऱ्या हवेत ती लवकर गंजते, गंजून फुगते आणि पंधरा-वीस वर्षांत छताचे पोपडे पडू लागतात.

काँक्रिटचेही तसेच. माल सहज पसरावा म्हणून मजूर त्यात जादा पाणी ओततात. त्या पाण्याने काम हलके होते आणि काँक्रिट कमकुवत होते. आरसीसी कामासाठी किमान एम-२० दर्जा हवा, असे आयएस ४५६ चे २००० सालचे मानक सांगते. हा दर्जा मिळाला की नाही, हे पाहण्यासाठी स्लॅब भरतानाच १५ सेंटिमीटर बाजूचे घन भरून ठेवतात आणि ७ व २८ दिवसांनी प्रयोगशाळेत त्यांवर दाब देऊन चाचणी करतात. काँक्रिटवर पाणी मारण्याचेही नियम आहेत. साध्या सिमेंटसाठी किमान ७ दिवस आणि फ्लाय ॲशयुक्त सिमेंटसाठी किमान १० दिवस ते ओले ठेवावे लागते. किती घरमालकांनी आपल्या घराच्या घनचाचणीचा अहवाल पाहिला आहे?

अनुभवी गवंडी आणि प्रामाणिक ठेकेदार यांचे मोल कमी नाही. त्यांच्याशिवाय चांगले घर होत नाही. मात्र ठेकेदाराचा नफा ज्या सळईत, सिमेंटमध्ये आणि वेळेत आहे, त्याचीच तपासणी त्यानेच करावी, ही अपेक्षा व्यवहाराला धरून नाही. तपासणारा वेगळा हवा आणि त्याचे पैसे घरमालकाने थेट द्यायला हवेत.

शुल्क वाचवून काय वाचते?

‘एवढे पैसे नुसत्या कागदासाठी?’ हा आक्षेप नेहमी ऐकू येतो. समजा, ५० लाख रुपयांच्या बांधकामात तज्ज्ञांचे एकूण शुल्क पाच टक्के धरले, तर ते अडीच लाख होते. रक्कम लहान नाही. परंतु अनेक ठिकाणी ती सुरक्षिततेच्या आधीच वसूल होऊ लागते. संरचनेचे गणित न करता काम करणारा ठेकेदार चुकीच्या जागी कमी सळई टाकतो, तसाच भीतीपोटी नको तेथे जास्तही टाकतो. परिमाणांचा तपशील हाती असला की ठेकेदारांच्या दरांची तुलना करता येते. बांधून झालेली भिंत पाडून पुन्हा बांधण्याचा खर्च कागदावरच वाचतो. सामासिक अंतर चुकल्याने भोगवटा प्रमाणपत्र अडले, तर पुढे घर विकताना किंवा तारण ठेवताना जो मनस्ताप होतो, त्याची मोजदाद वेगळीच.

मात्र शुल्क सहीसाठी न देता भेटींसाठी द्यावे. करारनाम्यात किमान या टप्प्यांवर तज्ज्ञाने जागेवर येऊन लेखी मान्यता द्यावी, असे नमूद करता येते: पायाचे खोदकाम पूर्ण झाल्यावर, पायाच्या सळया बांधून झाल्यावर, जोत्याच्या पातळीवर, प्रत्येक स्लॅब भरण्यापूर्वी आणि साचा काढण्यापूर्वी. प्रत्येक भेटीची नोंद बांधकामावरील एका वहीत तारखेसह असावी. काँक्रिट भरण्याआधी सळयांची छायाचित्रे काढून ठेवावीत. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. शुल्काचे हप्तेही याच टप्प्यांशी जोडावेत.

सदनिकाधारकांनीही लक्ष द्यावे

शहरातील बहुसंख्य वाचक स्वतंत्र घर बांधत नाहीत, सदनिका घेतात. त्यांच्यासाठी स्थावर संपदा कायदा, २०१६ उपयुक्त आहे. राज्यात महारेरा १ मे २०१७ पासून कार्यरत असून, प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या वास्तुविशारदाचे आणि अभियंत्याचे नाव पाहता येते. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवाव्या लागतात आणि त्यातून पैसे काढण्यासाठी वास्तुविशारद, अभियंता व सनदी लेखापाल यांची प्रमाणपत्रे लागतात. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत संरचनेतील दोष दाखवून दिल्यास विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करणे कायद्याने बंधनकारक आहे.

तरीही कागदावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींचे प्रकरण उघडकीस आले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले. हे प्रकरण न्यायालयात नेणारा याचिकाकर्ता स्वतः वास्तुविशारद होता. सदनिका घेण्यापूर्वी परवानगीची प्रत महापालिकेत जाऊन पडताळणे आणि कागदावरील वास्तुविशारदाला ‘हा प्रकल्प आपलाच ना?’ असे विचारणे, याला फारसा खर्च येत नाही.

दुसरा प्रसंग नूतनीकरणाचा. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपर येथील चार मजली इमारत कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. तळमजल्यावरील जागेत केलेल्या बदलांमुळे ती कमकुवत झाल्याचा आरोप झाला होता. दिवाणखाना मोठा करण्यासाठी भिंत पाडणे, वातानुकूलन यंत्राच्या नळीसाठी तुळईला भोक पाडणे, बाल्कनीत जड फरशी टाकणे, हे निर्णय एका घराचे असले तरी परिणाम साऱ्या इमारतीवर होतो. अशा कामाआधी संरचना अभियंत्याचे लेखी मत आणि सोसायटीची व प्राधिकरणाची आवश्यक ती परवानगी घ्यायलाच हवी.

तिसरा प्रसंग जुन्या इमारतींचा. मुंबई महापालिका अधिनियमातील कलम ३५३-ब नुसार आणि इतर महापालिकांना लागू असलेल्या अधिनियमातील कलम २६५-अ नुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून करून घ्यावी लागते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतींसाठी दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्यांसाठी दर तीन वर्षांनी तपासणीची तरतूद आहे. येथेही स्वस्तात ‘सर्टिफिकेट’ देणारे भेटतात. इमारतीत न फिरता, काँक्रिटच्या चाचण्या न करता मिळालेला अहवाल रहिवाशांची केवळ समजूत घालतो.

नेमणूक करण्यापूर्वी

* वास्तुविशारदाचा नोंदणी क्रमांक विचारावा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर तपासावा. अभियंत्याचा परवाना कोणत्या प्राधिकरणाचा, कोणत्या वर्गाचा आणि कोणत्या तारखेपर्यंतचा आहे, ते पाहावे.
* त्याने पूर्ण केलेली किमान दोन घरे प्रत्यक्ष पाहावीत आणि तेथील मालकांना ‘काम सुरू असताना ते स्वतः किती वेळा आले?’ एवढे विचारावे.
* वास्तुविशारद आणि संरचना अभियंता या दोघांशीही लेखी करार करावा. कामाची व्याप्ती, भेटींची संख्या आणि शुल्काचे टप्पे त्यात असावेत.
* ठेकेदाराने सुचवलेलाच तज्ज्ञ नेमण्याचे शक्यतो टाळावे.
* मंजूर नकाशे, संरचनेची रेखाचित्रे, चाचण्यांचे अहवाल आणि सर्व प्रमाणपत्रे यांचा एक संच घरात जपून ठेवावा. पुढील दुरुस्तीच्या वेळी तो सर्वांत उपयोगी पडतो.
* काम सुरू असताना खोलीची जागा किंवा मजल्यांची संख्या बदलावीशी वाटल्यास ठेकेदाराशी नव्हे, प्रथम अभियंत्याशी बोलावे.

परवाना हा एखाद्या व्यक्तीला मिळालेला मान नाही. चूक झाल्यास कोणाला जाब विचारायचा, याचे ते उत्तर आहे. परवाना नसलेल्या माणसाकडून काम करून घेताना आपण तो जाब विचारण्याचा हक्कच सोडून देतो. आणि परवाना असलेल्याकडून केवळ सही विकत घेतो, तेव्हा हक्क शिल्लक राहतो, पण तो वापरण्याची वेळ येते तोवर बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून नकाशा मंजूर झाल्याचे पेढे वाटताना तज्ज्ञाला एक प्रश्न अवश्य विचारावा, ‘आता पायाच्या खड्ड्यात उतरून पाहायला आपण केव्हा येणार?’